सहा महिन्यांची रजा

सर,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली. गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं हा प्रकार तुम्हाला मुळीच आवडला नसता, हे मला माहीत आहे. "भावनेचा चिखल," म्हणाला असतात, आणि चष्मा कपाळावर चढवून पहिल्याच ओळीखाली लाल रेघ ओढली असतीत. तरी लिहितेय. तुमची बातमी आली तेव्हा मला इकडे आखातात, अजमानला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीची दोन ओळींची ईमेल होती. ती वाचून मान वर केली तर एसीवाला स्टूल घेऊन उभा, "मॅडम, दो मिनट हटिए." मी उठून कॉरिडॉरमध्ये थांबले, तो जाळी पुसून गेला, आणि मी परत येऊन कामाला लागले. तेव्हा रडू आलं नाही याचं नंतर बरेच दिवस नवल वाटत राहिलं. पण हे पत्र तुमच्या जाण्याबद्दल नाही. माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीबद्दल आहे, आणि ती तुम्हालाच सांगायला हवी, कारण ती निस्तरताना मी तुमचंच शिकवणं वापरलं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तुम्ही आम्हाला अमेरिकन कथा शिकवायचात. पहिल्या दिवशी फळ्यावर 'नॅचरलिझम' लिहून विचारलंत, याचा अर्थ काय? मी मोठ्या उत्साहाने झाडं, डोंगर, नद्या असं काहीबाही सांगितलं. वर्ग माना डोलवत होता. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नदी आहे. पण पाणी गोठायला आलंय आणि त्यात माणूस पडलाय. नदीला त्याचं काही नाही." मग सगळं वर्षभर तुम्ही आम्हाला त्या लेखकांमागे हिंडवलंत. त्यातले कितीतरी वर्तमानपत्रांतून आलेले, बातमीदारी करून हात घटवलेले. त्यांच्या कथांमधले कारखाने, रेल्वेचे रूळ, भाड्याच्या कोंदट खोल्या, दारू पिणारे बाप आणि त्यांच्याच वळणावर गेलेले मुलगे. माणसाला वाटतं आपण आपल्या मर्जीने चालतो, पण त्याला चालवतात ती भूक, थंडी, रक्त आणि मालकाचं घड्याळ. लेखक बाजूला उभा राहून नोंद करतो, गळा काढत नाही. 'बिचारा' हा शब्द तुमच्या वर्गात बंद होता. माझ्या पहिल्या निबंधात तो तुम्ही प्रत्येक ठिकाणी खोडलात आणि समासात लिहिलंत, 'दया नको, हवामान लिही.' मला तो शेरा इतका आवडला की मी तो निबंध आईला दाखवला. तिला वाटलं मी नापास झाले.

एक कथा तुम्ही सायक्लोस्टाइल करून वाटली होतीत. समुद्राकाठच्या एका गावात मासे डबाबंद करायचा कारखाना, हिवाळा, बायका पहाटेपासून उभ्याने मासे कापताहेत, जितके डबे तितकी मजुरी. एका वयस्क बाईच्या शेजारी नवी पोर येऊन उभी राहते. पोरीचा हात चपळ आहे. संध्याकाळी मुकादम दोघींचे डबे मोजतो आणि म्हाताऱ्या बाईकडे नुसतं बघतो. दुसऱ्या दिवशी पोरीच्या वाट्याला आलेल्या यंत्राचं पातं सैल आहे, हे त्या बाईला दिसतं. ती काही बोलत नाही. दुपारी पोरीची दोन बोटं जातात. बस, एवढीच कथा. मी त्यावर बारा पानं लिहिली. थंडी, भूक, मजुरीची पद्धत, वय, सगळं मांडलं, आणि शेवट केला की या कथेत दोष कोणाचाच नाही, परिस्थितीचा आहे. मला वाटलं होतं तुम्ही खूश व्हाल.

तुम्ही मला घरी बोलावलंत. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमुळे पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघरात पाटावर बसायचा. वहिनी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुम्ही पोहे धुवत होतात. माझे कागद ओट्यावर, त्यावर वजन म्हणून बटाटा ठेवलेला.

"तिने तोंड उघडलं नाही," तुम्ही म्हणालात. "तोंड कोणाचं होतं? थंडीचं?"

मी म्हणाले, "पण सर, तिला दुसरा मार्गच नव्हता. तुम्हीच तर शिकवलंत."

"मी असं कधी शिकवलं?" तुम्ही खरोखर चिडलात. चाळणी ओट्यावर आपटलीत. "मार्ग नाही असं हे लेखक म्हणत नाहीत. मार्ग किती अरुंद उरला ते मोजून दाखवतात. तिच्याकडे एक वाक्य बोलण्याइतकी जागा होती. ती जागा लेखकाने मुद्दाम ठेवलीये. तू ती बुजवून टाकलीस. तुला मोजायचा कंटाळा आला आणि तू म्हणालीस, परिस्थिती."

मला इतका राग आला की पोहे न खाताच मी निघाले. जिन्यात तुमचा आवाज आला, "अगं, निदान खाऊन तरी जा!" मी थांबले नाही. पुढे लग्न होऊन इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही तो जाडजूड, पुठ्ठा निसटलेला अमेरिकन कथांचा ग्रंथ मला दिलात. विमानतळावर वजन जास्त भरलं, नवरा म्हणाला, "हे धूड काढ." मी लोणच्याची बरणी काढून दिली आणि ग्रंथ ठेवला. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

इथे आले आणि वाटलं, सर इथे असायला हवे होते. तुमचा सगळा अभ्यासक्रम रस्त्यावर उभा होता. जुलैत पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश, आणि दुपारी रस्त्याकडेच्या भिंतीच्या वीतभर सावलीत ओळीने झोपलेले कामगार. पांढऱ्या बसच्या काचांना टेकलेली डोकी. मी रोज सहाला अजमानहून कारलिफ्टने निघायचे. एका गाडीत पाच अनोळखी माणसं, महिन्याचं ठरवून, दुबईपर्यंत. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून मी बाहेरच्या माणसांची मनातल्या मनात नोंद करायचे, 'बिचारा' न म्हणता. आपण नोंद करणाऱ्यांपैकी आहोत, अशी माझी पक्की समजूत होती.

त्याच कारलिफ्टमध्ये माझ्याच ऑफिसातले एक गृहस्थ असायचे, वसईचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. आमची कंपनी हॉटेलांची आणि ऑफिसांची आतली सजावट करायची. ते ड्रॉइंग्जचा हिशोब ठेवायचे, कुठला नकाशा कोणत्या तारखेला कोणाकडे गेला. मी ऍडमिनमध्ये. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे, त्यामुळे आमच्यात मोठं कोण हे ड्रायव्हरला शेवटपर्यंत कळलं नाही. सुट्टीवरून येताना ते सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी, आणायचे आणि नाताळात त्यांची बायको डबाभर फुगे, ते तळलेले गोड गोळे, पाठवायची. त्यांना एकच मुलगी. तिला शारजाच्या शाळेत सीट मिळाली तेव्हा त्यांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले होते, कारण इथे आपल्याकडच्या शाळेत सीट मिळणं म्हणजे काय दिव्य असतं ते इथल्या आईबापांनाच ठाऊक.

मग ते मंदीचं वर्ष आलं. एका आठवड्यात आमची चार हॉटेलं थांबली. क्रेन होत्या तिथेच उभ्या राहिल्या, नुसत्या हलायच्या थांबल्या. रोज कोणीतरी ऑफिसात यायचं, आत जायचं, आणि बाहेर येऊन ड्रॉवर रिकामा करायचं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात, पण आमच्या सुपात कोणाला हसू येत नव्हतं. माझा नवरा अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन यार्डात इंजिनिअर होता, तिथेच कंपनीच्या खोलीत राहायचा, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. प्रत्येक गुरुवारी तो दारात बूट काढेपर्यंत मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. मुलगा तेव्हा केजीत होता.

मार्चमध्ये आमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो आवाज न चढवता बोलणारा माणूस होता. "टर्मिनेशन किसी को नहीं लिखना," तो म्हणाला. "लॉन्ग लीव लिखो. विदाउट पे. जब मार्केट ठीक होगा, बुला लेंगे. छह महीने बाहर रहा तो वीजा अपने आप खलास. हमने किसी को नहीं निकाला. समझी?" मी समजले. इथे राहायचा परवाना असलेला माणूस सहा महिने देशाबाहेर राहिला की परवाना मरतो. कोणाला सही करावी लागत नाही, कोणाला वाईट दिसावं लागत नाही, काम कॅलेंडर करतं. ते पत्र मी लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण मसुदा लिहिताना मला तुमची आठवण आली आणि थोडा अभिमानही वाटला. त्यात एकही विशेषण नव्हतं. बाजाराच्या सद्यस्थितीमुळे रजा देण्यात येत आहे. मॅनेजरने वाचून म्हटलं, "वेरी क्लीन."

दादांना ते पत्र मीच दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चक्क हसले. "काढलं तर नाही ना ताई! सहा महिने गावाला आराम. आईपण एकटीच आहे." मग दाराशी जाऊन परत आले. "ताई, पोरीची टीसी काढू का शाळेतून? तिकडे घालायची झाली तर लागेल. की राहू दे? सीट गेली तर परत मिळायची नाही."

ते कोणाला विचारत होते? कंपनीच्या पासपोर्टच्या कपाटाची किल्ली जिच्याकडे आहे, पत्रं जी लिहिते, तिला. मी म्हणाले, "राहू दे ना. कशाला सीट घालवता?" मला तेव्हा सगळं माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं मी मुद्दाम माहीत करून घेतलं नाही. त्यांनी टीसी काढली नाही. पासपोर्टांच्या रजिस्टरात सही करून तिघांचे पासपोर्ट घेतले, माझ्या मुलाच्या गालाला लावायला म्हणून दोन बोटं माझ्या हाताला टेकवली, आणि गेले.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. नकाशांचं रजिस्टर, फायली, त्यांच्या टेबलावरचा फोन. सप्टेंबरात, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, तोच फोन वाजला. ऑफिस लवकर सुटायचं, निम्मे लोक निघून गेले होते.

"ताई, मी बोलतोय. दहा दिवस उरले हो सहा महिन्यांना. कोणी बोलावत नाही, मेलला उत्तर नाही. मी काय म्हणतो, आपल्या तिकिटाने एक दिवस येऊन जाऊ का? एंट्रीचा शिक्का पडला की व्हिसा जिवंत राहतो. बाजूच्या आळीतला एक जण असाच जाऊन आला. मग तिथे बसून साहेबाला भेटेन, काहीतरी होईल. तुम्ही फक्त सांगा, येऊ का नको?"

सर, आता मी मोजते. त्याच रविवारी नवऱ्याला मुसफ्फात नोटीस मिळाली होती, महिनाअखेरपर्यंत काम. मॅनेजरने मला सांगून ठेवलं होतं की दादांच्या आणि माझ्या कामाला मिळून आता एकच माणूस राहील. ते आले असते तर कंपनीला त्यांना परत कामावर घ्यावं लागलं असतं, निदान विचार करावा लागला असता, आणि ते माझ्यापेक्षा जुने होते, कामात चोख होते. माझी नोकरी गेली असती तर आम्हा तिघांनाही गाशा गुंडाळायला महिनाभर मिळाला असता. हे सगळं खरं आहे. भिंती दोन्हीकडून आल्याच होत्या. पण मध्ये एका शब्दाची जागा होती. 'या' म्हणायला काहीच लागत नव्हतं. मला कोणी ऐकत नव्हतं, फोन कोणी टेप करत नव्हतं. 'मला सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी ते आले असते, मी त्यांना ओळखते.

मी म्हणाले, "दादा, उगाच तिकिटाचा खर्च कशाला करता? थांबा. बोलावतील इन्शाल्ला. लिस्टमध्ये नाव आहे तुमचं."

कसलीही लिस्ट नव्हती.

"तुम्ही म्हणता तर थांबतो," ते म्हणाले. "पोर सारखी विचारते, शाळा कधी. तिला सांगतो, ताई बोलल्या." त्या कथेतल्या बाईने निदान तोंड तरी मिटून ठेवलं होतं.

दहा दिवस गेले. आणखी महिन्याभराने मी त्यांचा व्हिसा ऑनलाइन तपासला आणि त्यांच्या फाइलवर 'रद्द' असं लिहून फाइल खालच्या कपाटात सरकवली. नंतर त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याबरोबर रडले. खरं रडले, नाटक नव्हतं. मॅनेजरला एक लांबलचक ईमेल लिहिली, या माणसावर अन्याय झाला म्हणून, आणि दादांना त्याची प्रत पाठवली. मुलीला तिकडच्या शाळेने टीसीशिवाय घेतलं नव्हतं आणि वर्ष अर्धं उलटून गेलं होतं. मग मीच शारजाच्या शाळेत जाऊन टीसी काढली, दोन सुट्ट्या टाकून रांगांत उभी राहिले, सगळे शिक्के घेतले आणि एका जाणाऱ्या माणसाबरोबर वसईला पाठवली. मुलीचं वर्ष गेलं ते गेलंच. दादांनी फोन करून माझे इतके आभार मानले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

आणि मग मी जे केलं त्यासाठी हे पत्र आहे. मी ती सगळी हकीकत मनात तुमच्या पद्धतीने लिहून काढली. बाजार पडला. क्रेन थांबल्या. एका देशाचा कायदा सहा महिन्यांचा होता. एका माणसाला रजा मिळाली, दुसऱ्या माणसाकडे त्याचं काम आलं. कोणी कोणाला काढलं नाही. इतकी वर्षं मी ती कथा अशी वाचत आले, आणि वाचताना दर वेळी वाटायचं, सरांना आवडली असती. तुम्ही त्या स्वयंपाकघरात काय म्हणाला होतात, ते मला पूर्ण पाठ होतं. मी तेवढं पान गाळायचे.

आम्ही अजून इथेच आहोत. नवऱ्याला पुढे दुसरी नोकरी लागली, मग तिसरी. दर वर्षी आम्ही म्हणतो, आणखी दोन वर्षं, मग पुणे. अजमानचं घर तीनदा बदललं, पण खिडकीतून समोरच्या इमारतीची तीच एसीची यंत्रं दिसतात. मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो. मागे मी त्याला म्हणाले, "जाऊ या का रे आता परत?" तर म्हणाला, "बॅक वेअर, मम्मा? आय वॉज नेव्हर देअर." मला राग आला. रोज सकाळी गाडी काढते, दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत येते. कोणी दार लावलेलं नाही. तरी या पंधरा वर्षांत मी त्या दारापर्यंत गेलेली नाही.

मागच्या मंगळवारी मुलाखतींना एक मुलगी आली. ऍडमिनच्या जागेसाठी, पंचविशीची, व्हिजिट व्हिसावर. आडनाव बघून मला कळलं होतं, पण मी स्वतःला समजावलं की वसईत त्या आडनावाची घरं ढिगाने असतील. ती बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आंटी? कारलिफ्ट आंटी?" मग मराठीत, जरा अडखळत, "पप्पा अजून तुमचं नाव काढतात. म्हणतात, त्या पूर्ण कंपनीत एकटी ताई आपल्यासाठी भांडली. घरात तुमची ती ईमेल प्रिंट काढून ठेवलीये."

दादा कसे आहेत, मी विचारलं. बरे आहेत, म्हणाली. एका गोदामात हिशोब लिहितात, गुडघे दुखतात. तिने इथे यायचं ठरवल्यावर त्यांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, की कोणी काही तोंडी सांगितलं तर लिहून माग. पण ताई भेटली तर तिच्यावर विश्वास ठेव.

मुलगी हुशार आहे. एक्सेलची चाचणी तिने इतरांच्या निम्म्या वेळात सोडवली. माझ्याबरोबर बसलेला सहकारी तिच्यासमोरच म्हणाला, "यल्ला, टेक हर." जागा होती, मंजुरी होती, कोणाचाही विरोध नव्हता. या खेपेला बाजारही उत्तम आहे, सर.

बुधवारी मी तिच्या फॉर्मवर 'नॉट सूटेबल' लिहून खाली सही केली. मला रोज सकाळी ते तोंड समोर नको होतं, याशिवाय दुसरं काही कारण नव्हतं. तिचा व्हिसा संपायला किती दिवस उरलेत ते फॉर्मवर लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.

तुम्ही असतात तर मी हे पत्र सप्टेंबरच्या फोनपर्यंतच लिहिलं असतं, आणि तेवढंच पाठवलं असतं.